रंग म्हातारा, पत्रा तरणा

हातातलं काम चालू असेल तर चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. मी देहूरोडहून बोलतेय. आमच्या बचत गटातल्या आम्ही चौघीजणी गाड्यांच्या रंगाचं काम करतो. त्यातल्याच एका कामाची गोष्ट आज सांगायची आहे. काम जरा उलटंच होतं. ट्रकच्या पत्र्याला दिलेला नवाकोरा रंग जुना दिसेल असा करायचा होता.

हसू आलं ना? माझ्या सासूबाईंनाही आलं. म्हणाल्या, "अगं, लोक दिवाळीला पैसे देऊन घर नवं करून घेतात, आणि तुम्ही पैसे घेऊन गाडी म्हातारी करणार?" मी म्हटलं, "आत्या, गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं." तेव्हा वाटलं होतं, यात काय अवघड आहे? चार ठिकाणी घासू, चार ठिकाणी तपकिरी फासू. पुढे कळलं की नवं करणं सोपं आणि जुनं करणं कठीण. आणि काय जुनं करायचं नाही, हे ठरवणं त्याहून कठीण.

आधी आम्ही या धंद्यात कशा आलो ते थोडक्यात सांगते. जुना मुंबई-पुणे हायवे देहूरोडच्या मधून जातो. इकडे निगडीची ट्रान्सपोर्टनगरी, तिकडे तळेगाव, लोणावळा आणि पुढे घाट. त्यामुळे ट्रक आमच्या दारात उभाच. आमच्या यांचं पत्रा-रंगाचं छोटं शेड आहे. रंग मारण्याआधी पत्र्यावर लांबी भरतात आणि ती घासून गुळगुळीत करतात. त्याला घिसाई म्हणतात. हे काम ताकदीचं कमी आणि चिकाटीचं जास्त. पोरं कंटाळून पळून जायची. एकदा कामाला माणूस मिळेना म्हणून मी बसले, मग गटातल्या तिघी आल्या. भाकरी थापणाऱ्या हाताला कुठे जोर द्यायचा आणि कुठे हलकं फिरवायचं हे कळतंच.

तर झालं असं. लोणावळ्याच्या बाजूला हॉटेल असलेले एक दादा जुना ट्रक घेऊन आले. टाटाची पुढे नाक असलेली जुनी गाडी. टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून १९५४ साली ट्रक बनवायला सुरुवात केली, त्या घराण्यातली म्हणा. आता तिला रस्त्यावर पळायचं नव्हतं. हॉटेलसमोर उभी करून तिच्या हौद्यातून चहा आणि भजी विकायची होती. पावसाळ्यात घाटात फिरायला येणारी मंडळी अशी गाडी दिसली की फोटो काढायला थांबतात.

पण गाडीचा पत्रा बऱ्याच ठिकाणी कुजला होता. डावा मडगार्ड, डाव्या दरवाजाचा खालचा अर्धा भाग आणि मागचा फाळका बदलावा लागला. वेल्डिंग झालं, लांबी झाली, प्रायमर झाला, नारिंगी रंगही झाला. आणि मग दिसायला लागलं, जुन्या विटक्या लुगड्याला नव्या झगझगीत कापडाचं ठिगळ. दादा म्हणाले, "ताई, सगळी गाडी नवी रंगवली तर मला तिचा उपयोग नाही. हे नवे तुकडे बाकीच्या गाडीसारखे दिसू द्या." सिनेमावाले सेटवरच्या वस्तूंना असं जुनं रूप देतात, त्याला ते एजिंग म्हणतात. आम्ही हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पहिला प्रयत्न फसला, ते आधी सांगते. आम्ही पेपर घेतला आणि नवा भाग सगळीकडून सारखा घासला. मग तपकिरी रंगाचे शिंतोडे उडवले. लांबून बघितलं तर गाडीला गोवर आल्यासारखी दिसत होती. हॉटेलवाले दादा काही बोलले नाहीत, पण चहा अर्धा ठेवून उठले. त्यातच आम्ही समजलो.

आमच्या गटातल्या एकीचे सासरे आयुष्यभर ट्रक चालवून आता घरी बसलेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते सहज शेडवर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "पोरींनो, या डाव्या दरवाजाशी कोण बसत होतं?"

मी म्हटलं, "क्लीनर."

"मग त्याचा हात कुठे?"

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढल्यासारखा केला आणि दरवाजावर बाहेरून दोन थापा मारल्या. "गाडी मागे घेताना, अरुंद जागेतून काढताना, थांबवताना क्लीनर अशी थाप मारतो. वर्षानुवर्षं एकाच जागी. तिथला रंग बाकीच्या रंगासारखा राहील का? आणि उजवीकडे ड्रायव्हरचा कोपर खिडकीच्या काठावर असतो. तो काठ बघा."

आम्ही जाऊन बघितलं. उजव्या खिडकीचा काठ कोपराने घासून पत्र्यापर्यंत उघडा पडला होता आणि चकाकत होता. गंज नावालाही नव्हता. रोज हात लागत होता ना, गंज बसायला उसंतच मिळाली नाही.

मैत्रिणींनो, त्या दिवशी आमचे डोळे उघडले. खरं तर हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. घरातला पाटा आठवा, मध्येच खोलगट होतो. पत्र्याची पेटी आठवा, तिचे कोपरे आणि कडीभोवतीचा रंग आधी जातो, पाठीचा रंग तसाच राहतो. उंबरा मध्ये झिजतो, कडेला नाही. वस्तू सगळीकडून सारखी म्हातारी होत नाही. जिथे हात लागतो, पाय पडतो, पाणी साचतं, ऊन बसतं, तिथे ती म्हातारी होते. प्रत्येक डागाला कारण असतं. कारण सापडलं की डाग कुठे द्यायचा ते आपोआप कळतं.

म्हणून पेपर हातात घेण्याआधी आम्ही एक अख्खा दिवस नुसतं बघण्यात घालवला. जुन्या भागावर काय दिसलं ते सांगते.

पहिलं ऊन. उन्हातले जंबूपार किरण रंगातला चिकटवणारा भाग तोडतात. तो गेला की रंगाची भुकटी वर मोकळी राहते. जुन्या गाडीच्या बॉनेटवर बोट फिरवा, पांढुरकी पूड लागेल. म्हणून बॉनेट, केबिनचं छप्पर, मडगार्डचा वरचा फुगवटा, म्हणजे आभाळाकडे तोंड असलेले भाग जास्त विटतात. दरवाजे कमी विटतात. दरवाजावरची जुनी पाटी काढली तर तिच्याखाली रंग गडद सापडतो, कारण तिथे ऊन पोहोचलेलंच नसतं.

दुसरं पाणी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि लोणावळ्यात ४००० मिलिमीटरच्याही वर. आमचं देहूरोड मधल्या वाटेवर. अशा पावसात लोखंडाला गंज धरणारच. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो रंगाच्या खाली फुगतो, रंगाला फोड येतो आणि पोपडा सुटतो. त्याची सुरुवात सपाट भागावर सहसा होत नाही. पत्र्याची कड, वेल्डिंगचा जोड, बोल्टची भोकं आणि पाणी अडकून राहतं तो दरवाजाचा तळ, या त्याच्या जागा. बोल्टखालून गंजाचं पाणी ओघळतं ते सरळ खाली, बारीक होत जाणारं. आमचे पहिले शिंतोडे खोटे दिसले ते यामुळेच. गंज कधी हवेत उडून पत्र्यावर बसत नाही.

तिसरं म्हणजे रस्ता. चाकामागे आणि मडगार्डच्या खालच्या काठावर खडे उडून बारीक टवके जातात. चिखल खालून वर उडतो, म्हणून खाली दाट आणि वर विरळ असतो.

आणि चौथं माणूस. हँडल, पायदान, खिडकीचा काठ, फाळक्याच्या कड्या आणि साखळ्या. फाळका खाली पडताना साखळी जिथे आपटते, तिथे चंद्रकोरीसारखी झीज असते.

आता करायचं कसं ते ऐका. गटात कोणाला जुनी पेटी, दुकानाची पाटी किंवा लोखंडी खुर्ची अशी करायची असेल, तरी रीत हीच.

नवा रंग आधी पुरता वाळू द्या. ऑइलपेंट हाताला कोरडा लागला तरी आतून कच्चा असतो. आम्ही पंधरा दिवस थांबलो. कच्च्या रंगावर पेपर मारला की तो गोळा होऊन निघतो. मग साबणाच्या पाण्याने धुवून तेलकटपणा काढा आणि पुसून कोरडं करा.

नंतर चकाकी मारायची. ८०० नंबरचा पाण्यात भिजवून वापरायचा पेपर घ्या. पाणी सोडत हलक्या हाताने गोल न फिरवता वरून खाली घासा. पाऊसही वरून खालीच वाहतो. वरच्या, आभाळाकडच्या भागावर जास्त वेळ आणि उभ्या भागावर कमी. आरशासारखा रंग ताकावरच्या सायीसारखा मंद झाला की थांबा.

मग विटका थर. तोच नारिंगी रंग थोडा घ्या, त्यात पांढरा आणि अगदी चिमूटभर राखाडी मिसळा. टर्पेंटाईन घालून ताकाइतका पातळ करा. सुती कापडाच्या बोळ्याने लावा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसा. जे मागे राहतं तेवढंच हवं. एका दिवसात सगळं करायला जाऊ नका. आज एक हात, वाळल्यावर उद्या दुसरा. कमी पडलं तर वाढवता येतं, जास्त झालं तर परत पहिल्यापासून.

पुढचं झिजवणं. इथे मशीन लावू नका, हातच हवा. ठोकळ्याला ३२० नंबरचा पेपर गुंडाळा आणि अण्णांनी दाखवलेल्या जागीच घासा. ध्यानात ठेवा, रंगाला थर असतात. वर रंग, खाली लाल ऑक्साईडचा प्रायमर आणि त्याखाली पत्रा. खऱ्या झिजेत मधोमध पत्रा दिसतो, त्याच्याभोवती प्रायमरचं लालसर कडं, मग पातळ झालेला रंग आणि मग पुरता रंग. शेवटी ६०० नंबरच्या पेपरने कडा एकमेकीत मिसळून घ्या. हे कडं नसलं तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे एवढं त्याला कळतं. क्लीनरच्या थापेच्या जागी आम्ही पत्र्यापर्यंत गेलो नाही. तिथे फक्त रंग मंद आणि थोडा मळकट केला, कारण तळहात खरवडत नाही, पुसतो.

आता गंज. आमच्यातली एक म्हणाली, मीठ आणि व्हिनेगर लावू, खराच गंज येईल. येतो, एका रात्रीत येतो. आम्ही भंगारातल्या तुकड्यावर करून बघितलं. पण मीठ लोखंडाला सोडत नाही. धुतलं तरी जोडात आणि भोकात राहतं आणि पावसाळ्यात आतून पत्रा खात बसतं. नुकता दुरुस्त केलेला पत्रा आपणच कुजवायचा का? शिवाय व्हिनेगरसारख्या आंबट पदार्थात चुकूनही ब्लीचिंग किंवा फरशी पुसायचं क्लोरीनचं पाणी मिसळू नका. विषारी वायू सुटतो, श्वास कोंडतो. घरात संडास-बाथरूम धुतानासुद्धा हे पाळा.

मग आम्ही गंज रंगवला. कशाने, सांगू? गेरूने. तुळशीवृंदावनाला आणि चुलीला लावतो तोच. गेरूचा लाल रंग मुळात लोखंडाच्या गंजासारख्याच द्रव्याचा असतो. त्यात थोडी पिवळी माती आणि कणभर काजळी घातली आणि चमक नसलेल्या पारदर्शक व्हार्निशमध्ये कालवलं. बोल्टखाली बारीक ब्रशने टिपका ठेवला आणि टर्पेंटाईनमध्ये ओलसर केलेल्या दुसऱ्या ब्रशने सरळ खाली ओढला. वर दाट आणि खाली विरत जाणारा ओघळ तयार झाला. खालच्या काठाला मुरमाची वस्त्रगाळ माती त्याच व्हार्निशमध्ये घालून थापली. शेवटी सगळ्यावर चमक नसलेल्या व्हार्निशचा एक हात दिला. आणि पत्र्याच्या आतून, खालून, जिथे कोणाला दिसत नाही तिथे गंजरोधक प्रायमरचे दोन पूर्ण हात दिले. रंग म्हातारा झाला, पत्रा तरणाच राहिला.

दादा बघायला आले तेव्हा नवा फाळका कोणता आणि जुना पत्रा कुठला हे त्यांना हात लावूनही सांगता आलं नाही. अण्णा आले आणि डाव्या दरवाजावर जाता जाता त्यांनी थाप मारली. बरोबर त्याच जागी.

पण या कामात आमच्याकडून एक मोठी चूक झाली. ती सांगितल्याशिवाय मी बोलणं संपवणार नाही.

पहिल्या प्रयत्नाच्या वेळी आम्ही नव्या रंगाबरोबर शेजारचा जुना रंगही घासला होता, तोही कोरडा. शेडमध्ये नारिंगी धूळच धूळ. आमच्यातल्या एकीची दोन वर्षांची नात तिथेच खेळत होती. तिने ती पूड रंगपंचमीच्या रंगासारखी हातात घेतली, गालाला फासली आणि बोटं तोंडात घातली. आम्ही हसलो. फोटोसुद्धा काढला. संध्याकाळी आशाताई घरी आल्या होत्या, त्यांना कौतुकाने तो फोटो दाखवला. त्यांचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "उद्या आधी डॉक्टरांकडे जा. जुन्या रंगात शिसं असतं."

ट्रकच्या जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत शिशाची संयुगं सर्रास घालत. लोखंडावरच्या जुन्या प्रायमरमध्येही शेंदूर असायचा, आणि शेंदूर म्हणजे शिशाचीच भस्मी. घरगुती आणि शोभेच्या रंगांसाठी आपल्या सरकारने २०१६ साली नियम केला. दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, असा तो नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण हा नियम घराच्या रंगांचा. गाडीवरच्या आणि कारखान्यातल्या रंगांना तो लागू नाही. जुन्या गाडीवर काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून आहे असंच धरून चालायचं.

शिसं शरीरात गेलं की लगेच काही दिसत नाही. हळूहळू रक्त कमी होतं, पोट दुखतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, बुद्धी मंदावते, आणि ते नुकसान भरून येत नाही. गरोदर बाईच्या अंगातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही.

पोरीचं रक्त तपासलं. रिपोर्ट ठीक आला. पण तो येईपर्यंत तिची आजी जेवली नाही, आणि आम्हा बाकीच्या तिघींना तिच्याकडे बघवत नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या शेडचे नियम ठरले. ते तुम्हीही लिहून घ्या.

जुना रंग कधीही कोरडा घासायचा नाही. पाणी मारून, ओलाच घासायचा. त्यावर ग्राइंडर लावायचा नाही, आणि तो जाळून काढायचा नाही. तोंडाला नुसता पदर किंवा ओढणी पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा एन-९५ सारखा मास्क हवा. मुलं आणि गरोदर बायका शेडच्या आसपासही नकोत. कामाच्या जागी खाणं-पिणं बंद, तंबाखू-मिश्री बंद. हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय घरात शिरायचं नाही, आणि त्या कपड्यांनी लेकराला उचलायचं नाही. कामाचे कपडे वेगळे धुवायचे. खाली प्लास्टिक अंथरून घासलेला गाळ गोळा करायचा. तो गटारात, शेतात किंवा विहिरीजवळ टाकायचा नाही. पिशवीत बांधून, घातक कचरा आहे असं सांगून वेगळा द्यायचा.

आणखी दोन गोष्टी. तेलाचा रंग पुसलेली फडकी चुरगळून ढीग करून ठेवू नका. ती वाळताना आपोआप तापतात, पेट घेऊ शकतात. एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. आणि हार्डनर मिसळायचा दोन डब्यांचा क्लिअर घरच्या घरी स्प्रेने मारू नका. त्याचे फवारे श्वासात गेले तर दमा जडू शकतो. त्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो, तो आपल्याकडे नसतो.

आता शेवटची गोष्ट. हॉटेलच्या गाडीचं नाव झालं आणि आमच्याकडे दोन माणसं आली.

पहिल्याला आपली जीप लष्करी गाडीसारखी जुनी हिरवी करून हवी होती. आमच्या देहूरोडला लष्कराचा मोठा डेपो आहे, तशा गाड्या रोज समोरून जातात. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना देता येतो. आम्ही त्याला नियम सांगितला, तो गेला. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं काम असेल तर हेही बघा. आरसी बुकातला रंग बदलणार असेल तर आरटीओत नोंद लागते. आणि नंबरप्लेट, दिवे, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या यांना जुनेपणाचा बोळाही लागू द्यायचा नाही. रात्री घाटात त्याच पट्ट्या मागच्याचा जीव वाचवतात.

दुसऱ्याचं काम आमच्या हातचं होतं. त्याचा टेम्पो अपघातात वाकलेला. सरळ केलेला, वेल्डिंग केलेला. त्याला तो विकायचा होता. म्हणाला, "ताई, जोड दिसू नये, सगळं एकसारखं जुनं दिसू द्या. पैसे हॉटेलवाल्यापेक्षा दुप्पट देतो." त्या महिन्यात गटाचा हप्ता थकला होता. एक म्हणाली, "आपण रंगवणार, विकणार तो. आपल्याला काय करायचंय?" दुसरी गप्प. मीही क्षणभर गप्पच होते, खोटं कशाला बोलू.

मग जिच्या नातीचं रक्त तपासलं होतं ती बोलली. "हॉटेलवाल्या दादांना माहीत होतं कोणता पत्रा नवा आहे. बघणाऱ्यालाही ती गाडी कुठे जायची नव्हती. हा टेम्पो कोणीतरी कर्ज काढून घेईल. घाट उतरताना जोड सुटला तर आत कोण असेल?"

आम्ही काम घेतलं नाही. हप्ता पुढच्या महिन्यात दंड भरून दिला. तो माणूस कदाचित दुसऱ्या शेडवर गेला असेल. पण आमच्या वहीत तेव्हापासून पहिल्याच पानावर लिहिलंय, जुनं दिसण्यासाठी काम करू, दुखणं लपवण्यासाठी नाही. गाडी विकायची असेल तर कुठला भाग बदलला ते मालकाने गिऱ्हाइकाला लिहून द्यायचं, तरच आम्ही पेपर उचलतो.

तुमच्या गटाला असं काम मिळालं तर आधी हातभर पत्र्यावर नमुना करून दाखवा. तो पसंत पडला की मगच दर ठरवा, आणि रंगाच्या डब्याबरोबर बघण्यात घालवलेला दिवस आणि वाळायला थांबलेले दिवसही मोजा. आपण बायका आपला वेळ मोजायला विसरतो.

जाता येता कधी जुन्या हायवेवरून गेलात आणि एखाद्या हॉटेलसमोर नारिंगी नाकवाला जुना ट्रक उभा दिसला, तर थांबा. भजी खा. डावा दरवाजा नीट बघा. तिथे एका हाताची जागा दिसेल. तो हात क्लीनरचा नाही, आमचा आहे.

येते मैत्रिणींनो. काळजी घ्या. नमस्कार.